दारावरची पाटी आणि मोबाईलमधले नाव

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)





समितीने आम्हांस विषय दिला तो 'समाजमाध्यमे आणि आजचा माणूस'. विषय ऐकल्याबरोबर आम्ही सेक्रेटरींना म्हटले, "अहो, आम्ही पोस्टकार्डाच्या जमान्यातली माणसे. मोबाईलवर बोट कसे फिरवायचे हे आम्ही नातवाकडून शिकलो. या विषयावर एखाद्या शिकलेल्या पोराला बोलवा." त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "पोरगं बोललं तर म्हातारी ऐकत नाहीत आणि म्हातारी बोलली तर पोरं मोबाईल बघत बसतात. तुम्ही मोबाईलवरच बोला, म्हणजे दोघंही ऐकतील." तर मंडळी, दोघांनीही ऐकावे ही विनंती.

मोबाईलमध्ये दिसणारा माणूस आणि प्रत्यक्षातला माणूस हे एकच असतात की दोन वेगळे? हा प्रश्न आज घराघरात आहे. त्याचे सोपे उत्तर सगळ्यांना पाठ असते. मोबाईलमधला माणूस खोटा, समोरचा खरा. आणि त्याला दाखलेही भरपूर सापडतात. आपल्याच विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहा ना! रोज सकाळी सहाला बुद्धांचे चित्र टाकून सर्वांना मैत्री शिकविणारे एक गृहस्थ घरी सख्ख्या भावाशी चार वर्षे बोललेले नाहीत. ग्रुपवर क्रांतीच्या गोष्टी करणारे आमचे काही वाघ विहार झाडायच्या दिवशी हटकून गावाला गेलेले असतात. (हसू नका, त्यातले दोघे आज इथे आलेले आहेत आणि ते आले याचा आम्हांला आनंद आहे.) एवढ्यावर भाषण संपविता आले असते. मोबाईल वाईट, जुना काळ चांगला, टाळ्या वाजवा, चहा घ्या. पण गेल्या वर्षीच्या १४ एप्रिलला अशी एक गोष्ट घडली की, हे सोपे उत्तर आमच्या घशाखाली उतरेनासे झाले. ती गोष्ट आज आम्ही इथे सांगणार आहोत. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

आमची एक भाची पुण्यात नोकरीला आहे. संगणकाचे काम करते. दरवर्षी १४ एप्रिलला न चुकता कोल्हापूरला येते, पांढरी साडी नेसते, विहारात वंदनेला बसते, संध्याकाळी मिरवणुकीत बिंदू चौकापर्यंत चालते. गेल्या वर्षीही आली. फोटो निघाले. आपल्यातल्याच एका उत्साही कार्यकर्त्याने ते फोटो ग्रुपवर टाकले आणि तिथून फेसबुकवर. फोटोखाली सगळ्यांची नावे, आडनावांसह.

रात्री साडेदहाला भाचीचा फोन. ती पुण्याच्या गाडीत बसली होती. "मामा, तो फोटो काढायला सांगा ना. मला टॅग केलंय."

आम्हांला राग आला. आम्ही म्हणालो, "का गं? लाज वाटते काय?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "लाज नाही मामा. उद्या भाड्याच्या घराचं पक्कं करायचंय. ती घरमालकीण आधी फेसबुक बघते."

मग आम्ही तिचे फेसबुकचे पान नातवाकडून उघडून घेतले. नाव होते, वडिलांचे नाव होते, आडनाव नव्हते. रंकाळ्यावरची संध्याकाळ होती, पन्हाळ्यावरचे धुके होते, मैत्रिणीच्या लग्नातला फोटो होता, ऑफिसातले बक्षीस होते. विहार नव्हता. बाबासाहेब नव्हते. आम्ही नव्हतो. त्या पानावर खोटे असे एक अक्षरही नव्हते. पण जे होते ते अर्धे होते.

त्या कार्यकर्त्याला आम्ही रात्रीच फोन लावला. तो तयार होईना. म्हणाला, "मामा, बाबासाहेबांमुळं शिकली, नोकरीला लागली, आणि आता त्यांच्याच जयंतीचा फोटो नको? मग आम्ही मिरवणूक कुणासाठी काढायची?" बंधूंनो, त्याचे बोलणे काही अगदीच चुकीचे नव्हते. मनातून आम्हीही त्याच्याच बाजूचे होतो. तरी वडीलधारेपणाचा मान राखून त्याने फोटो काढला. भाचीला घर मिळाले. कशामुळे मिळाले ते आम्ही विचारले नाही.

पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण 'लाज वाटते काय' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. ते का, हे आजवर आम्ही कुणालाही सांगितले नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनाही नाही. आज सांगतो.

१९८४ साली आम्हांला एका कचेरीत कारकुनाची नोकरी लागली आणि परक्या गावी बदली झाली. गाव कोणते ते सोडा, त्या गावात आजही चांगली माणसे आहेत. खोली बघायला गेलो. मालकांनी नाव विचारले. मग आडनाव विचारले. त्यापूर्वी दोन ठिकाणी आमचे आडनाव ऐकल्यावर 'खोली कालच दिली हो' असे उत्तर मिळाले होते. आपल्या भागात आमचे आडनाव उच्चारले की, पुढचे काही सांगावे लागत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. तिसऱ्या ठिकाणी आम्ही आडनाव सांगितले नाही. गावाचे नाव घेतले आणि त्याला 'कर' जोडले. खोली मिळाली. पुढे पोस्टमनच्या सोयीसाठी म्हणून मालकांनीच पत्र्याची एक छोटी पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. त्या पाटीवरच्या माणसाच्या नावाने आम्ही चौदा महिने राहिलो. भिंतीवर तसबीर लावली नाही. पुस्तके ट्रंकेत ठेवली.

एके दिवशी सांगावा न धाडता आमचे वडील आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. एसटीतून उतरून पत्ता विचारत विचारत आले आणि दारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "जयभीम!" आम्ही धावत जाऊन दार लावले. म्हणालो, "आप्पा, इथं मोठ्यानं जयभीम म्हणू नका."

आप्पा म्हणाले, "का रं? मालक झोपलाय व्हय?"

आम्ही काही उत्तर दिले नाही. आप्पा रात्रशाळेत अक्षरे शिकलेले. सकाळी तोंड धुऊन आले तेव्हा दारावरची पाटी त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचली. मग आमच्याकडे वळून विचारले, "ह्यो कोन ऱ्हातो रं हितं?"

एवढेच. रागावले नाहीत. पहिल्या एसटीने परत गेले. १९९६ साली आप्पा गेले. त्या बारा वर्षांत त्यांनी त्या पाटीचा विषय कधी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. बंधू-भगिनींनो, आजची मुले ज्याला प्रोफाइल म्हणतात, ती आमच्या वेळी पत्र्याची होती आणि दारावर खिळ्याने ठोकलेली होती. फरक तेवढाच.

म्हणजे मोबाईलने माणसाला दोन नावे दिली असे आपण म्हणतो ते खरे नव्हे. दोन नावांची गरज आधीपासूनच होती. आणि ही गरज कुणाकुणाला पडली ते पाहू गेलो तर माणूस थक्क होतो.

१९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीसाठी जातात. राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात आपल्याला घेणार नाहीत हे त्यांना माहीत होते. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. व्यवस्थापकाने पाहिले की, अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, म्हणजे हा पारशी नव्हे. पण धर्मशाळा रिकामी होती आणि त्यालाही चार पैसे हवे होते. तोड निघाली ती अशी की, रजिस्टरात पारशी नाव लिहायचे. दिवसाला दीड रुपया. त्या नावाखाली बाबासाहेब राहिले. अंधाऱ्या मोठ्या दालनात, अडगळीच्या सामानात, एकटे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा पारशी माणसे आली आणि 'तू कोण?' म्हणून दरडावू लागली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. मिळाला नाही. गाडीची वेळ होईपर्यंत एका बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

ही हकीकत दुसऱ्या कुणी उकरून काढलेली नाही. ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्याशा आत्मकथनात ती आहे. इथे आपण जरा थांबले पाहिजे. रजिस्टरातले नाव आणि खरा माणूस यांचा मेळ नव्हता, म्हणून कुणी बाबासाहेबांना खोटे म्हणेल काय? नाव लपवावे लागले याची शरम त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेतली नाही. ज्या समाजाने ते लपवायला लावले त्याच्या दारात ती नेऊन टाकली, आणि तीही स्वतःच्या खऱ्या नावाने. आम्हांला हे चौदा महिन्यांत जमले नाही आणि पुढे इतक्या वर्षांतही जमले नाही.

आणखी एक रजिस्टर आहे, त्याच्या आधीचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची नोंद झाली. त्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ सालापासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले. त्या रजिस्टरात नाव खरे होते. पण त्या खऱ्या नावाच्या मुलाला वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तेव्हा नुसते खरे नाव लिहिले म्हणजे माणसाला मान मिळाला असेही नाही. साताऱ्यात खरे नाव होते आणि जागा वेगळी होती. बडोद्यात जागा मिळाली पण नाव दुसऱ्याचे होते. नाव आणि जागा दोन्ही एकत्र मिळणे, हीच तर आपली सगळी लढाई.

ती दोन्ही एकत्र मिळाल्याचे उदाहरण आपल्याच गावात आहे. गंगाराम कांबळे हे नाव इथल्या पोराटोरांना माहीत आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले. गंगारामांनी भर वस्तीत, भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले. 'सत्यसुधारक' त्याचे नाव. दुकान कुणाचे आहे हे अख्ख्या करवीरला ठाऊक. लपवाछपवी नाही, 'कर' जोडणे नाही. पण सुरुवातीला चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले.

गंगाराम धाडसी होतेच. परंतु त्यांच्या पाटीवर खरे नाव टिकले ते त्यांच्या एकट्याच्या धाडसावर नव्हे. समोर बसून चहा पिणारा एक माणूस होता, आणि तो छत्रपती होता. बडोद्याच्या धर्मशाळेत तसा कुणी नव्हता. माणूस आपले नाव किती उघडेपणाने लिहितो, हे त्याच्या छातीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच समोरच्याच्या वागण्यावरही असते. आमच्या भाचीला 'लाज वाटते काय' असे विचारण्याऐवजी आम्ही त्या घरमालकिणीला विचारायला हवे होते की, बाई, तुम्ही भाडेकरूचे आडनाव कशाला शोधता?

आता कुणी म्हणेल, मग जुन्या पाटीत आणि आजच्या मोबाईलमध्ये काहीच फरक नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. बडोद्याचे रजिस्टर एका धर्मशाळेत होते. आमची पाटी एका दारावर होती. दुसऱ्या गावी बदली झाली की, पाटी काढून टाकली आणि आम्ही पुन्हा आम्ही झालो. आजचे रजिस्टर प्रत्येकाच्या खिशात आहे. एका गावात काढलेला फोटो दुसऱ्या गावात तुमच्याआधी पोहोचतो. तुम्ही पुसलात तरी कुणीतरी त्याची प्रत काढून ठेवलेली असते. पूर्वी माणूस आपली ओळख जागा पाहून सांगत असे. विहारात एक, कचेरीत एक, सासुरवाडीत एक. त्यात फसवेगिरी नव्हती, व्यवहार होता. आता सगळ्या जागांच्या भिंती काढून टाकल्यासारखे झाले आहे, आणि मधोमध आपली पोरे उभी आहेत.

आणि उघडे उभे राहण्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. २०१५ साली शिर्डीत आपल्या समाजातल्या एका तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, यावरून वाद सुरू झाला होता. त्या पोराने काहीही लपविले नव्हते. त्याचा मोबाईल आणि तो, दोघे एकच बोलत होते. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ च्या जूनमध्ये, पुण्याच्या हडपसरात याच्या अगदी उलट घडले. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे कुणीतरी टाकली आणि त्या रागाच्या भरात सोलापूरकडचा एक मुसलमान अभियंता रस्त्यात मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कुणाच्या तरी पडद्यावरच्या करणीची शिक्षा रस्त्यावरच्या हाडामासाच्या माणसाने भोगली.

आणि दूर कशाला जायचे? २०२३ सालच्या जून महिन्यात आपल्या कोल्हापुरात काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. काही तरुणांनी ठेवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून ७ जूनला बंद पुकारला गेला. शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला, शेवटी इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस म्हणजे काय? चोवीस तासांनी आपोआप पुसली जाणारी गोष्ट. तिच्यावरून शाहूंच्या नगरीत शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दुकानावर दगड टाकला. आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या स्टेटसचा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. अशा शब्दांचा परिणाम पाहायचा तो दुबळ्या, भित्र्या मनाच्या माणसावर नव्हे, तर सारासार विचार करणाऱ्या माणसांवर, अशी कसोटी न्यायालयाने लावली. चार ओळींवरून अख्खा माणूस ठरवू नये, एवढे शहाणपण तरी आपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

तर मग मोबाईलमधला मुखवटा चांगला की वाईट? आमचे म्हणणे असे की, मुखवटे दोन प्रकारचे असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक मुखवटा भीतीचा. आमच्या भाचीचा, आमच्या पत्र्याच्या पाटीचा. तो घालणारा माणूस दुसऱ्याचे काही हिरावून घेत नाही, स्वतःचेच थोडे झाकतो. दुसरा मुखवटा वार करण्याचा. खोटे नाव, कुठल्यातरी नटाचा नाहीतर फुलाचा फोटो, आणि त्याआडून कुणाच्या आईबहिणीला शिव्या, कुणाच्या जातीचा उद्धार, कुणाच्या नावाने बनावट खाते. हा दुसरा मुखवटा घालणारे आपल्यातही आहेत, हे कबूल करू या. पलीकडच्याने शिवी दिली म्हणून आपल्या पोरांनी खोट्या नावाने दुप्पट शिव्या दिल्या आणि ते स्क्रीनशॉट आम्हांला अभिमानाने दाखविले. आम्हांला अभिमान वाटला नाही. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकावरून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. पण कायद्याचे सोडा. ज्याने बडोद्यात नाव झाकले त्याने कुणावर वार करण्यासाठी झाकले नव्हते, आणि ज्याला लढायचे होते तेव्हा तो स्वतःच्या नावाने लढला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांना भर सभेत आपले पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. बडोद्याच्या बागेतल्या त्या संध्याकाळीला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

धम्माच्या दृष्टीने पाहिले तरी हेच दिसते. नागसेन भन्तेंनी मिलिंद राजाला रथाचा दाखला देऊन समजावले की, नाव ही व्यवहारापुरती खूण आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, तसेच नाव म्हणजे माणूस नव्हे. मग फेसबुकवरचे अर्धे नाव तरी अख्खा माणूस कसा असेल? आणि विहाराच्या रजिस्टरातले पूर्ण नाव तरी कसे असेल? माणूस ओळखायचा तो त्याच्या वाचेवरून आणि कर्मावरून. सम्यक वाचा म्हणजे खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड या चारांपासून दूर राहणे. मोबाईल आल्यापासून या चौघांचे काम फार सोपे झाले आहे. न वाचता पुढे ढकललेला मजकूर ही बोटाने केलेली चहाडीच होय. तोंडाने शील पाळायचे आणि अंगठ्याने मोडायचे, असे चालणार नाही.

म्हणून या वर्धापनदिनी आम्ही तीन-चार साध्या गोष्टी समितीपुढे ठेवतो. पटल्या तर घ्याव्यात.

विहारात काढलेला कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय बाहेर टाकू नये. विशेषतः परगावी नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा. ती विचारणा चारचौघांत न करता बाजूला घेऊन करावी, म्हणजे 'नको' म्हणणे सोपे जाते.

जो आपले नाव झाकतो त्याला भित्रा, गद्दार म्हणू नये. त्याच्यावर काय प्रसंग आहे ते आपल्याला माहीत नसते. पण त्यानेही एक लक्षात ठेवावे. झाकता झाकता आपल्या आप्पांना दाराबाहेर उभे करू नये. आम्ही केले. ते चौदा महिने केव्हाच संपले, पण आप्पांचा तो प्रश्न अजून संपलेला नाही.

जो नाव झाकून दुसऱ्यावर वार करतो त्याला ग्रुपवर जागा देऊ नये, मग तो आपल्या बाजूने का लिहीत असेना.

आणि शेवटची गोष्ट. ज्यांना नाव झाकावे लागत नाही अशा आपल्यातल्या माणसांनी ते उघड लिहावे. पेन्शनवर असलेल्यांनी, स्वतःचे घर असलेल्यांनी, कुणाच्या मेहेरबानीवर नसलेल्यांनी. आता आम्हांला कोण खोली नाकारणार आहे? तरुणांना धाडस शिकविण्यापेक्षा आम्ही म्हाताऱ्यांनी ते आधी करून दाखवावे. आणि दुसऱ्या समाजातले जे मित्र आज इथे मोठ्या मनाने आलेले आहेत, त्यांना एवढेच सांगणे की, बाबांनो, तुमच्या सोसायटीत एखादी मुलगी घर बघायला आली तर तिचे आडनाव शोधू नका. तिला चहा विचारा. कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे शिकवायला नको.

जाता जाता भाचीचे सांगून थांबतो. या वर्धापनदिनासाठी तिने पुण्याहून पाचशे एक रुपये पाठविले. पावती फाडताना आम्ही फोन करून विचारले, "बाळ, पावतीवर नाव कसं लिहू?" म्हणाली, "पूर्ण लिहा मामा, आईचंही लिहा." देणगीदारांची यादी मागच्या भिंतीवर लावली आहे, त्यात ते नाव आहे. फेसबुकवर तिचे नाव अजून अर्धेच आहे. पूर्वी आम्ही म्हटले असते की, यातली एक खरी आणि दुसरी खोटी. आता तसे म्हणत नाही. दोन्हीकडे आमची पोरच आहे. एका ठिकाणी तिला पूर्ण नावाने बसायला जागा आहे, दुसऱ्या ठिकाणी अजून नाही.

ती जागा तिला इथे तरी कायम राहील, एवढे आपल्या हातात आहे. आणि आमच्या घराच्या दारावर आता जी पाटी आहे तिच्यावर आमचे आडनाव ठळक अक्षरांत आहे. येताना लांबूनच मोठ्याने जयभीम म्हणा. मालक झोपलेला नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!